कर्जाचा एकच कागद : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.

स्थळ : जरीपटका, नागपूर

विषय : नोकरी-धंदा सांभाळून मुले वाढवणाऱ्या कुटुंबांची कर्जे आणि तडजोडीची लोप पावलेली यंत्रणा

महोदय,

रिझर्व्ह बँक २०१६ पासून दरवर्षी वित्तीय साक्षरता सप्ताह पाळते, आणि त्या निमित्ताने घरखर्चाचे अंदाजपत्रक करावे, आधी बचत बाजूला काढावी, झेपेल तेवढेच कर्ज घ्यावे, हप्ता वेळेवर भरावा, असा सल्ला नागरिकांपर्यंत पोहोचवला जातो. सल्ला योग्यच आहे. मात्र कुटुंब कर्जात अडकते ते अज्ञानामुळे, हे त्यामागचे गृहीतक तपासून पाहण्याची गरज आहे. ज्या घरात आई-वडील दोघेही कमावतात, मुले शाळेत आहेत आणि वृद्धांच्या औषधपाण्याची जबाबदारीही आहे, त्या घरात हिशेबाचे ज्ञान सहसा पुरेसे असते. तुटवडा असतो तो वेळेचा, पैसा हाती येण्याच्या आणि द्यावा लागण्याच्या तारखांमधील मेळाचा, आणि कर्ज डोईजड झाल्यावर सर्व धनकोंना, म्हणजे कर्ज देणाऱ्यांना, एकाच वेळी समोर बसवून मार्ग काढील अशा जागेचा. अशी जागा कायद्याने निर्माण करण्याचे काम नव्वद वर्षांपूर्वी, नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांताने केले होते, आणि म्हणून हे पत्र नागपुरातून लिहिले जाणे अस्थानी ठरू नये.

जरीपटका ही उत्तर नागपुरातील वस्ती १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी नावारूपाला आणली. घर, दुकान आणि येणी मागे टाकून आलेल्या या कुटुंबांनी उधारीवर माल उचलून व्यापार पुन्हा उभा केला, त्यामुळे कर्ज येथे नेहमीच भांडवलाचे साधन मानले गेले आणि व्याजाचा तोंडी हिशेब करणे ही येथील मुलांना घरातच मिळणारी शिकवण ठरली. लगतच्या इंदोरा, नारा आणि नारी या भागांत आंबेडकरी विचारांच्या नोकरदार कुटुंबांची मोठी वस्ती आहे, जेथे मुलांच्या शिक्षणावरील खर्च हा इतर कोणत्याही खर्चाआधी मनात धरला जातो. या परिसरात पैसा मुख्यतः दोन रीतींनी घरात येतो : एक दुकानाच्या गल्ल्यातून, रोज पण अनिश्चित, दुसरा पगारातून, निश्चित पण महिन्यातून एकदाच. अनेक घरांत एका जोडीदाराचा पगार आणि दुसऱ्याचा गल्ला असे दोन्ही प्रवाह असतात, आणि अशा घराचे अंदाजपत्रक महिन्याच्या सुट्या रकान्यांत बसवणे हे बाहेरून दिसते त्यापेक्षा पुष्कळ अवघड काम असते.

त्यात नागपूरचे स्वतःचे आर्थिक पंचांग आहे. मार्च महिन्यात करबचतीसाठी काढलेल्या विम्याचे हप्ते भरले जातात. एप्रिलमध्ये केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष सुरू होते आणि शुल्क, पुस्तके, गणवेश, स्कूलबस यांची रक्कम एकदम मागितली जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, कूलर दिवसरात्र चालतो, विजेचे देयक वाढते आणि त्याच उन्हामुळे बाजारातील दुपारची गिऱ्हाइकी आटते, म्हणजे खर्च वाढतो तेव्हाच गल्ला घटतो. आणि उन्हाळ्यामुळे विदर्भातील राज्य मंडळाच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडत असल्याने ज्या घरात एक मूल एका मंडळाच्या आणि दुसरे दुसऱ्या मंडळाच्या शाळेत आहे, तेथे हा खर्च दोनदा येतो. पुढे दिवाळीपर्यंत दुकानदाराचे बरे दिवस येतात, परंतु एप्रिल ते जून या काळातील खिंडार तोवर उधारीनेच बुजवावे लागते. वर्षभराचे उत्पन्न वर्षभराच्या खर्चास पुरेसे असूनही कुटुंब कर्जबाजारी होऊ शकते, ही गोष्ट कर्जविषयक धोरणात फारशी गृहीत धरली जात नाही, आणि या पत्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तीच आहे.

हे खिंडार बुजवण्याची पारंपरिक साधने आजही वापरात आहेत. भिशी हे त्यांपैकी सर्वांत प्रतिष्ठित साधन होय. बारा घरांनी दरमहा प्रत्येकी ५,००० रुपये जमा करायचे आणि ६०,००० रुपयांची रक्कम दर महिन्याला चिठ्ठीने किंवा बोलीने एकेका घराला द्यायची, ही त्याची साधी रचना आहे. ज्या घराला भिशी आधी लागते त्याच्यासाठी ती कर्ज असते आणि ज्याला शेवटी लागते त्याच्यासाठी बचत असते. शुल्काच्या महिन्यात रक्कम हाती येईल असा क्रम सभासदांनी आपसांत लावून घेतला, तर तारखांचा मेळ घालण्याचे जे काम बँकेचे कर्ज करत नाही ते भिशी करते. अर्थात १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंद नसलेल्या मोठ्या भिशीत पैसे बुडाले तर दाद मागणे जवळजवळ अशक्य असते, आणि शेवटच्या क्रमांकावर असलेल्या घराचा हा धोका लहान नसतो. भिशीपलीकडे सोने आहे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या निर्देशांनी अडीच लाख रुपयांपर्यंतच्या सोनेतारण कर्जासाठी दागिन्याच्या मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्यास मुभा दिली आहे. गरजेच्या वेळी अधिक पैसा हाती येईल ही त्याची चांगली बाजू, पण मुदतीअखेर व्याजासह रक्कम भरता आली नाही आणि सोन्याचा भाव उतरलेला असला, तर लिलावानंतर घराच्या हाती उरणारा भाग पूर्वीपेक्षा लहान असेल, ही दुसरी बाजूही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत सांगितली जायला हवी.

या जुन्या साधनांवर गेल्या दशकात नवे थर चढले आहेत : क्रेडिट कार्ड, घरगुती उपकरणांचे विनातारण हप्ते, मोबाइलवरील ॲपमधून काही मिनिटांत मिळणारी वैयक्तिक कर्जे, आणि महिलांच्या गटांना मिळणारी सूक्ष्मवित्त कर्जे, म्हणजे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना विनातारण दिली जाणारी लहान कर्जे. या थरांचा खरा भाव तोंडी हिशेबात तरबेज असलेल्या दुकानदारालाही सहज कळत नाही, कारण प्रत्येकाची व्याज सांगण्याची रीत वेगळी आहे. बाजारातला खाजगी सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो तेव्हा तो महिन्याचा दर असतो, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली बिगरशेती विनातारण कर्जासाठी अधिसूचित झालेला १८ टक्के वार्षिक दर त्याच्या निम्मा आहे, आणि त्याच कायद्यानुसार सावकाराला मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही, हे दामदुपटीचे जुने तत्त्व किती कर्जदारांना ठाऊक असते हा प्रश्नच आहे. हप्त्यावर वस्तू विकणारा विक्रेता ‘१२ टक्के’ म्हणतो तेव्हा तो बहुधा सरळ दर असतो, ज्यात मुद्दल फिटत गेले तरी व्याज मूळ रकमेवरच मोजले जाते. १,००,००० रुपयांचे कर्ज वर्षाच्या मुदतीने सरळ १२ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे ९,३३३ रुपये येतो आणि घटत्या शिलकीवर, म्हणजे प्रत्यक्ष उरलेल्या मुद्दलावर मोजल्यास तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो.

क्रेडिट कार्डाचा हिशेब याहूनही फसवा आहे, कारण तेथे कर्जदाराला शिस्तबद्ध असल्याचा भास होत राहतो. कार्डावर ४०,००० रुपयांची थकबाकी आहे, व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे आणि भरावयाची किमान रक्कम थकबाकीच्या पाच टक्के आहे असे धरले, तर महिन्याला २,००० रुपये भरणारे कुटुंब वेळेवर भरणा करणारे ठरते. परंतु त्या २,००० रुपयांतून १,४०० रुपये व्याजात आणि व्याजावरील १८ टक्के वस्तू व सेवा करापोटी २५२ रुपये जातात, मुद्दलातून कमी होतात ते केवळ ३४८ रुपये. एप्रिलमध्ये कार्डावर भरलेले शाळेचे शुल्क या गतीने पुढच्या एप्रिलपर्यंत फिटत नाही, आणि तोवर पुढच्या इयत्तेचे शुल्क दाराशी आलेले असते. नुसती किमान रक्कम भरणे हे पालकांच्या बेफिकिरीचे लक्षण समजणे अन्यायाचे होईल. घरातल्या इतर चार हप्त्यांत चूक होऊ नये म्हणून पाचवा हप्ता कमीत कमी भरण्याचा तो एक विचारपूर्वक घेतलेला, पण महागडा निर्णय असतो.

शहरी मध्यमवर्गाच्या कर्जाकडे विदर्भात फारसे लक्ष जात नाही, कारण येथे कर्ज हा शब्द उच्चारताच कापूस आणि शेतकरी डोळ्यांपुढे येतो, आणि ती वेदना खरी असल्याने इतर कर्जांविषयी बोलणेही अप्रस्तुत वाटते. तरीही राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत, २०१९ मध्ये झालेल्या अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक सर्वेक्षणात, ग्रामीण भागातील ३५ टक्के आणि शहरी भागातील २२.४ टक्के कुटुंबे कर्जदार आढळली असली, तरी दर कुटुंबामागील सरासरी कर्ज ग्रामीण भागात ५९,७४८ रुपये तर शहरी भागात १,२०,३३६ रुपये, म्हणजे दुपटीहून थोडे अधिक होते. रिझर्व्ह बँकेने स्वतः १६ नोव्हेंबर २०२३ रोजी विनातारण ग्राहक कर्जांवरील जोखीमभार, म्हणजे अशा कर्जांसाठी बँकांनी किती भांडवल बाजूला ठेवावे हे ठरवणारा निकष, १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला, तेव्हा या कर्जांची वाढ चिंताजनक असल्याचे तिने एका अर्थी मान्यच केले. त्या निर्णयाने बँकांची तटबंदी मजबूत झाली. कुटुंबासाठी तशी तटबंदी अजून व्हायची आहे.

रिझर्व्ह बँकेने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र सत्याला सोडून होईल. सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी कर्जाची रक्कम मधल्या कोणाच्याही खात्यातून न जाता थेट कर्जदाराच्या खात्यात जमा व्हावी आणि कर्ज ठरावीक मुदतीत दंडाविना परत करण्याची संधी असावी, असे बंधन घातले. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज, म्हणजे थकलेल्या हप्त्यावर चढणारे जादा व्याज, बंद करून त्याऐवजी भांडवलीकरण न होणारा, म्हणजे मुद्दलात न मिळवला जाणारा, दंडात्मक आकारच घेता येईल असे ठरवले. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करू नये, सूक्ष्मवित्तात तर सकाळी ९ पूर्वी आणि सायंकाळी ६ नंतर करू नये, हेही नियम आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्यपत्र बंधनकारक झाले, ज्यात सर्व शुल्कांसह खरा वार्षिक दर एका जागी लिहावा लागतो, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे असेही परिपत्रकात स्पष्ट आहे.

या नियमांतील उणीव त्यांच्या हेतूत नाही, ती त्यांच्या नजरेच्या मर्यादेत आहे : यांतील जवळजवळ प्रत्येक नियम एका वेळी एकाच कर्जाकडे पाहतो, आणि कुटुंब तर सगळ्या कर्जांत एकाच वेळी जगत असते. याला मार्च २०२२ चे सूक्ष्मवित्त निर्देश हा ठळक अपवाद आहे. वार्षिक उत्पन्न ३,००,००० रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला असे कर्ज देताना त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, अशी मर्यादा त्यांत आहे आणि ‘कुटुंब’ याची व्याख्याही पती, पत्नी व अविवाहित मुले अशी केलेली आहे. कर्जाचे एकक व्यक्ती नसून घर आहे हे येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य झाले, म्हणून हे निर्देश मोलाचे आहेत. परंतु मर्यादा लागू होते ती कर्ज देण्याच्या क्षणी; त्यानंतर दुकान मंदावले, नोकरी गेली किंवा घरात मोठे आजारपण आले, तर पन्नासाचे सत्तर टक्के होताना पाहणारे आणि त्यावर काही करू शकणारे कोणी नसते. आणि तीन लाखांच्या रेषेच्या वर असलेल्या शिक्षिकेच्या, कारकुनाच्या किंवा कापड दुकानदाराच्या घराला तर तेवढेही संरक्षण नाही.

येथे वेळेचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. धनकोविषयी तक्रार असल्यास आधी त्याच्याकडे लेखी तक्रार करावी, ३० दिवस वाट पाहावी आणि मग २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क दाद मागावी, हा मार्ग कागदावर सोपा आहे. परंतु पाच धनको असलेल्या घराने पाच तक्रारी, पाच स्मरणपत्रे आणि पाच पोर्टलवरील नोंदी सांभाळायच्या त्या मुलांचा डबा, शाळेची बस, नोकरीची वेळ आणि दुकानाचा हिशेब यांतून उरलेल्या रात्रीच्या तासाभरात. शिवाय लोकपाल सेवेतील त्रुटीचा निवाडा करतो, कर्जाची पुनर्रचना हा धनकोचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि त्यात तो पडत नाही. याउलट धनकोच्या बाजूने पाहिले तर २०१६ च्या निर्देशांनुसार उभी राहिलेली खाते समुच्चयक व्यवस्था, जी ग्राहकाच्या संमतीने त्याच्या विविध खात्यांची माहिती एकत्र करून वित्तसंस्थेला देते, आणि कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांचे अहवाल यांच्या आधारे कर्जदाराची आर्थिक स्थिती काही मिनिटांत पडद्यावर येते. कर्ज देण्यासाठी घराचे संपूर्ण चित्र मिनिटांत जमवता येते, तर कर्ज फेडण्यासाठी तेच चित्र त्या घराला सोप्या मराठीत एका कागदावर का मिळू नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर दिसत नाही. पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो हे खरे, पण तो व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. आणि पुढील बारा महिन्यांत कोणत्या तारखेला किती रक्कम जाणार आहे, हे जे आई-वडिलांना खरोखर जाणून घ्यायचे असते, ते त्यातून कळत नाही.

आता त्या जुन्या यंत्रणेकडे वळता येईल. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, पण रुपयांत लिहिलेली कर्जे होती तेवढीच राहिली, त्यामुळे शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक रुपया फेडण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक कापूस किंवा ज्वारी विकणे भाग पडले. या परिस्थितीत मध्य प्रांताच्या विधिमंडळाने १९३३ मध्ये ऋण तडजोड कायदा केला आणि कर्जाच्या तडजोडीसाठी मंडळे स्थापण्यात हा प्रांत देशात अग्रणी ठरला. पंजाब आणि बंगाल यांनी तशा स्वरूपाचे कायदे त्यानंतर केले. मंडळाची कार्यपद्धती आजही लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. ऋणको, म्हणजे कर्ज घेणारा, किंवा धनको यांपैकी कोणीही अर्ज केला की मंडळ त्या ऋणकोच्या सर्व धनकोंना नोटीस काढून आपापले दावे कागदपत्रांसह ठरावीक मुदतीत मांडण्यास सांगे, आणि मुदतीत न मांडलेले कर्ज विसर्जित झाले असे मानले जाई. अशा रीतीने सर्व कर्जे प्रथम एका कागदावर येत. मग ऋणकोची फेडण्याची खरी ताकद पाहून रक्कम आणि हप्ते यांवर समेट घडवला जाई, समेटाची नोंदणी होई, आणि वाजवी प्रस्ताव नाकारणाऱ्या धनकोविरुद्ध मंडळ ऋणकोला प्रमाणपत्र देऊ शके, ज्यामुळे तो धनको पुढे न्यायालयात गेला तरी दाव्याचा खर्च आणि पुढील व्याज यांबाबत त्याचे हात बांधले जात.

या यंत्रणेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती केवळ शेतकऱ्यांसाठी होती. मोठे धनको अडून बसले की मंडळाचे फारसे चालत नसे, म्हणूनच १९३९ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड ऋणनिवारण कायद्याने अधिक अधिकार असलेली ऋणनिवारण न्यायालये आणावी लागली. आणि अशा कायद्यांनंतर सावकारांनी हात आखडता घेतल्याने नवे कर्ज मिळणे कठीण झाले, हा अनुभवही त्या काळाचाच आहे. परंतु तिच्यातील मूळ विचार, की अडचणीत आलेल्या घराची सर्व कर्जे एकत्र पाहिल्याशिवाय त्यांपैकी एकाचाही न्याय्य निकाल लागू शकत नाही, हा काळाबरोबर जुना झालेला नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सनदी सेवा याच मध्य प्रांत व वऱ्हाडात घडली होती आणि १९४३ मध्ये त्यांनी गव्हर्नरपद स्वीकारले. प्रांतातील जमीन-महसूल आणि वित्त यांचा अनुभव घेतलेला अधिकारी मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी बसण्याची ती परंपरा पाहता, त्या प्रांताचा हा प्रयोग बँकेला परका वाटण्याचे कारण नाही.

आजच्या शहरी कुटुंबाला यांपैकी काय उपलब्ध आहे हे पाहिले तर उत्तर निराशाजनक आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी तरतुदी आहेत, आणि अत्यल्प उत्पन्नाच्या ऋणकोंसाठी ‘नवी सुरुवात’ ही प्रक्रियाही आहे. पण हा भाग डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरताच लागू करण्यात आला आणि सामान्य घरासाठी तो अमलात आलेला नाही. म्हणजे नागपूरच्या नोकरदाराला आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याकडे पाहावे लागते, ज्याचा आधार घेणे म्हणजे स्वतःवर नादारीचा शिक्का मारून घेणे होय. राष्ट्रीय लोकअदालतीत बँकांची प्रकरणे तडजोडीने मिटतात हे खरे, पण तेथे घर पोहोचते ते कर्ज थकल्यानंतर, एका वेळी एकाच धनकोसमोर उभे राहते, आणि ठरलेल्या रकमेपेक्षा कमी भरून मिटवलेल्या कर्जाची नोंद पतमाहिती अहवालात राहून पुढच्या कर्जाचा मार्ग अवघड करते. कर्ज थकण्याच्या आधी, हप्ते अजून भरले जात असताना, पण उद्या भरले जाणार नाहीत हे दिसत असताना, जाण्यासारखी जागा नाही.

ती जागा एकदा तयार होऊ लागली होती. २००६ मध्ये बँक ऑफ इंडियाने मुंबईत ‘अभय’ हे कर्जसमुपदेशन केंद्र सुरू केले, आणि रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये वित्तीय साक्षरता व कर्जसमुपदेशन केंद्रांची आदर्श योजना बँकांपुढे ठेवली. २०१२ मध्ये या योजनेचा फेरविचार होऊन केंद्रांच्या नावात केवळ वित्तीय साक्षरता उरली. देशातील कोट्यवधी लोकांचे खातेच नव्हते त्या काळात प्राधान्यक्रम तसा लावला गेला हे समजण्यासारखे आहे. पण ज्या पिढीने त्यानंतर खाती उघडली तीच पिढी आज कार्ड, ॲप आणि हप्ते यांच्या पायी समुपदेशनाच्या शोधात आहे.

म्हणून रिझर्व्ह बँकेने पुढील गोष्टींचा गांभीर्याने विचार करावा, अशी या पत्राद्वारे विनंती आहे. पहिली गोष्ट तारखेची आहे आणि तिला फारसा खर्च नाही. क्रेडिट कार्डधारकाला आपले देयकचक्र बदलून घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांनी दिलेलीच आहे. तीच मुभा सर्व किरकोळ कर्जांच्या हप्त्यांना लागू झाली, तर ७ तारखेला पगार मिळणाऱ्या घराचा हप्ता ५ तारखेला परत जाऊन बँक आणि धनको या दोघांचेही दंड त्याच्या माथी बसणार नाहीत. याच्या एक पाऊल पुढे जाऊन, शेतीकर्जाची परतफेड जशी पिकाच्या हंगामाशी जोडली जाते, तशी वर्षातील एखाद-दोन महिन्यांत हप्ता कमी आणि दिवाळीनंतर जास्त अशी रचना कर्ज देतानाच मागण्याचा पर्याय पालकांना असावा. दुकानदाराच्या घरालाही हंगाम असतो हे जरीपटक्यातील प्रत्येक बँकशाखेला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट घराच्या कर्जपत्रकाची. पती-पत्नी दोघांच्या संमतीने त्यांची सर्व संस्थात्मक कर्जे, प्रत्येकाचा खरा वार्षिक दर, पुढील बारा महिन्यांचे हप्ते आणि त्यांच्या तारखा एका पानावर, कर्जदाराच्या भाषेत, कोणत्याही बँकशाखेतून विनामूल्य मिळावीत, आणि भिशी, दुकानाची उधारी किंवा सावकाराचे कर्ज हाताने लिहिता येईल असा रकाना त्यावर मोकळा असावा. महागडे कर्ज आधी फेडावे हा सल्ला अशा पानाविना निरुपयोगी आहे, कारण महागडे कोणते हेच घराला कळत नाही. भाषेच्या बाबतीत जरीपटक्यात मराठी आणि हिंदीबरोबर सिंधीचाही विचार व्हावा. १९६७ पासून ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहे, आणि वस्तीतील ज्या ज्येष्ठ स्त्रियांच्या दागिन्यांवर घराचे कर्ज उभे असते त्यांना समजणारी भाषा तीच आहे.

तिसरी आणि मुख्य गोष्ट तडजोडीच्या जागेची आहे. नागपुरात रिझर्व्ह बँकेचे प्रादेशिक कार्यालय आहे, जिल्हास्तरावर बँकांची समन्वय यंत्रणा आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रशिक्षित मध्यस्थ आहेत. या तिघांनी मिळून उत्तर नागपुरात एक कुटुंब कर्ज तडजोड केंद्र प्रायोगिक तत्त्वावर चालवावे. थकबाकी होण्यापूर्वीच घराला तेथे अर्ज करता यावा. अर्ज दाखल होताच सर्व नियमित धनकोंनी ठरावीक दिवसांत आपले दावे मांडावेत. समेटाची बोलणी चालू असेपर्यंत वसुलीचे फोन आणि दंडात्मक आकार थांबावेत. आणि समेटाप्रमाणे हप्ते भरणाऱ्या घराची नोंद पतमाहिती अहवालात बुडवे म्हणून न होता, समेटाने फेड सुरू असलेले कर्ज अशी स्वतंत्र व्हावी. अशा सवलतींनी लोक मुद्दाम कर्ज थकवतील हा आक्षेप १९३३ मध्येही घेता आला असता आणि तो आजही दुर्लक्षिण्यासारखा नाही. म्हणूनच केंद्राने मुद्दल माफ करण्याचे वचन देऊ नये, फेडीची मुदत, तारखा आणि व्याजाचा दर एवढ्यांवरच समेट घडवावा, आणि एका घराला काही वर्षांत एकदाच ही सोय द्यावी. कर्ज आटण्याच्या भीतीविषयी असे म्हणता येईल की पाच धनकोंपैकी सर्वांत आक्रमकपणे वसुली करणाऱ्यालाच आधी पैसे मिळतात, या आजच्या व्यवस्थेत संयमाने वागणाऱ्या बँकेचे अधिक नुकसान होते. सर्वांना एका क्रमात बसवणारी तडजोड त्या बँकेच्याही हिताची आहे.

हे केंद्र कामकाजाच्या दिवशी सायंकाळी ६ नंतर आणि रविवारी सकाळी उघडे राहावे, तेथे लहान मुलांना घेऊन बसता यावे, आणि पती किंवा पत्नी यांपैकी एकानेच येऊन दुसऱ्याची संमती फोनवरून नोंदवली तरी काम पुढे सरकावे, या बारीक वाटणाऱ्या गोष्टी योजनेच्या मसुद्यात पहिल्याच पानावर असाव्यात. येत्या मार्च महिन्यापूर्वी केंद्र सुरू झाले, तर एप्रिलच्या शुल्काचा ताण आलेली घरे तेथे कर्ज थकण्याआधी पोहोचतील. तसे शक्य नसल्यास निदान नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाने जरीपटका, इंदोरा आणि नारा येथील पालक, व्यापारी आणि बँकशाखा यांची एक खुली सुनावणी घेऊन आपले मत प्रसिद्ध करावे.

कळावे.

जरीपटका, नागपूर येथील पालकांच्या वतीने